कॅनन टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल टू: रिकाम्या मॉलमध्ये ही लेन्स किती कामाची?

बंद पडलेल्या मॉलचे फोटो ढोबळमानाने दोन जातींचे. पहिल्या जातीत पडझड असते: फुटलेलं स्कायलाइट, फरशीवर साचलेलं पाणी, भिंतींवर चढलेली बुरशी. दुसरीत काहीच मोडलेलं नसतं. फरशी पुसलेली, अर्ध्या ट्यूब चालू, कुंड्यांतली प्लास्टिकची झाडं जागच्या जागी, आणि माणूस मात्र एकही नाही. लिमिनल स्पेसच्या, म्हणजे ओळखीच्या पण माणसांविना विचित्र वाटणाऱ्या जागांच्या, नादी लागलेल्यांना खरी ओढ असते ती या दुसऱ्या जातीची. पडझडीचा फोटो वाकड्या अँगलनेही चालून जातो, उलट वाकडेपणाने त्याला रंग चढतो. रिकाम्या पण शाबूत जागेचा फोटो मात्र रेषांवर उभा असतो. खांब जरा आत झुकले की नजर जागेवरून उडून कॅमेऱ्याकडे जाते.

म्हणूनच या कामासाठी टिल्ट-शिफ्ट लेन्सचं, म्हणजे जागच्या जागी झुकवता (टिल्ट) आणि सरकवता (शिफ्ट) येणाऱ्या लेन्सचं, नाव निघतं, आणि त्यातही कॅननच्या २४ मिमीचं. निकाल आधीच सांगून टाकायचा तर एट्रियम (मॉलच्या मधला उंच मोकळा चौक), दुकानांच्या दर्शनी काचा आणि उंच भिंती यांच्यासाठी ही लेन्स पैसा वसूल आहे. सरळ कॉरिडॉरसाठी ती नेणं म्हणजे उगाच ओझं. आणि नावातला ‘टिल्ट’ मॉलमध्ये जवळजवळ बिनकामाचा.

ही दुसरी आवृत्ती २००९ सालची, १७ मिमी एफ/४ एल हिच्यासोबत जाहीर झालेली. ११ गटांत १६ भिंगं, वजन ७८० ग्रॅम, फिल्टरचा व्यास ८२ मिमी, किमान फोकस अंतर २१ सेमी. शिफ्ट दोन्ही बाजूंना १२ मिमी, टिल्ट ८.५ अंश. फोकस पूर्णपणे हाताने, ऑटोफोकस नाहीच. अ‍ॅपर्चर मात्र कॅमेऱ्यातूनच चालतं आणि फोटोच्या माहितीत नोंदलं जातं. कॅननच्या आरएफ माउंटच्या (लेन्स बसवण्याच्या नव्या जोडणीच्या) मिररलेस बॉडीवर कॅननचं ईएफ अ‍ॅडॉप्टर लावलं की सगळं तसंच चालतं. खरं सांगायचं तर ही लेन्स मिररलेसवरच जास्त सुखाची, कारण शिफ्ट केल्यावर काय दिसतंय आणि फोकस कुठे आहे हे व्ह्यूफाइंडरमध्येच दहा पट मोठं करून बघता येतं.

शिफ्ट म्हणजे नेमकं काय? कॅमेरा पूर्ण समपातळीत ठेवायचा, सेन्सर भिंतीला समांतर, आणि लेन्स तेवढी वर, खाली किंवा बाजूला सरकवायची. कॅमेरा मान वर करत नाही, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. २४ मिमीचं गणित डोक्यात ठेवायला फार सोपं आहे. फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सरची उंची २४ मिमी, फोकल लेंग्थही २४ मिमी. म्हणजे आडव्या फ्रेममध्ये जेवढ्या अंतरावर उभे राहाल तेवढीच उंची मावते. समजा दुमजली दर्शनी भागापासून १० मीटरवर ट्रायपॉड लावलाय आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे. शिफ्ट शून्य असताना फ्रेमची वरची कड भिंतीवर ६.५ मीटरला लागते आणि खालचा मोठा पट्टा नुसत्या फरशीचा जातो. ६ मिमी वर शिफ्ट केलं की वरची कड ९ मीटरवर जाते. पूर्ण १२ मिमी केलं की ११.५ मीटर, पण तेव्हा क्षितिज नेमकं खालच्या कडेवर येतं आणि फरशी पूर्ण गायब होते. मॉलच्या फोटोत फरशी गेली की पायाखालची जमीनच गेली, म्हणून आडव्या फ्रेममध्ये ७–८ मिमीच्या पुढे जाण्यात फारसा अर्थ नाही. कॅमेरा उभा धरला तर गोष्ट वेगळी: त्याच जागेवरून १२ मिमी शिफ्टमध्ये वरची कड १४ मीटरवर जाते आणि तरीही खाली पुरेशी फरशी राहते. तिसऱ्या मजल्याचा कठडा आणि स्कायलाइट एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर हाच रस्ता.

या सरळपणाचं एवढं कौतुक कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. कार्डिफ विद्यापीठातल्या अलेक्झांडर डील आणि मायकेल लुईस यांनी २०२२ मध्ये जागांच्या विचित्रपणावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा असा की ओळखीच्या रचनेत काहीतरी जागचं हललेलं असलं की ती जागा अस्वस्थ करते. मॉलची रचना तर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांचं साउथडेल सेंटर हे मॉल १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे उघडलं. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित, दोन टोकांना मोठी दुकानं आणि मधे आत तोंड करून बसलेली लहान दुकानं. पुढे जगभर त्याच्याच नकला उठल्या. हे सगळं फोटोत जितकं बिनचूक दिसेल तितकी एकच गोष्ट चुकलेली ठसते: माणसं कुठे आहेत? झुकलेल्या खांबांच्या फोटोत चुकलेल्या गोष्टी दोन होतात, आणि दुसरी पहिलीला खाऊन टाकते. लेन्सची खरी किंमत इथे वसूल होते.

आता कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना शटर, वर फॉल्स सीलिंग, शेवटी अंधार, हा तर या प्रकाराचा हुकमी फोटो. त्यासाठी शिफ्टची गरजच नाही. छत २.७ मीटरवर असेल तर कॅमेरा १.३५ मीटरवर लावा. क्षितिज आपोआप मधोमध येतं आणि छत आणि फरशी सारखीच मिळते. साधी २४ किंवा २८ मिमी लेन्स हेच काम तितक्याच चांगल्या तऱ्हेने करते. इथे बहुतेकांचं चुकतं ते मध्य शोधण्यात. पावलं मोजून नाही, फरशा मोजून मध्य काढा. फरशांची संख्या सम असेल तर मधल्या सांध्यावर आणि विषम असेल तर मधल्या फरशीच्या मध्यावर ट्रायपॉडचा ओळंबा यायला हवा. कॅमेरा वीस सेंटिमीटर बाजूला असेल तर शिफ्ट मारून अदृश्य होणारा बिंदू (जिथे कॉरिडॉरच्या रेषा मिळाल्यासारख्या दिसतात तो) फ्रेमच्या मध्यात आणता येतो खरा, पण एका बाजूची शटरं जास्त उघडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूची दबलेली. शिफ्ट फ्रेम हलवतं, उभं राहण्याची जागा नाही. हे विसरून फोटो घरी आणला की ‘काहीतरी खटकतंय’ म्हणत बसावं लागतं.

एस्कलेटरसमोर मात्र शिफ्टचे एक-दोन मिलिमीटर फार कामाला येतात. १० मीटरवर १ मिमी शिफ्ट म्हणजे सुमारे ४२ सेमी सरकणं. ट्रायपॉडला हात न लावता फ्रेमची कड एखाद्या खांबाच्या कडेला नेमकी भिडवता येते. ट्रायपॉडवर गिअर्ड हेड, म्हणजे प्रत्येक दिशा वेगळ्या नॉबने बारीक फिरवता येणारं डोकं, असेल तर उत्तम (मॅनफ्रोटोचं ४१० पुरेसं आहे). बॉल हेडवर एक अक्ष नीट करावा तर दुसरा बिघडतो, आणि या लेन्सला अर्ध्या अंशाचा फरकही खपत नाही. क्रम असा ठेवा: आधी शिफ्ट आणि टिल्ट शून्यावर, मग कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल दोन्ही दिशांना हिरवी, मग डावं-उजवं वळण. वळण तपासायला समोरच्या दुकानाची वरची आडवी कड बघा. ग्रिडच्या रेषेपासून दोन्ही टोकांचं अंतर सारखं हवं. हे सगळं झाल्यावरच शिफ्ट. उलट क्रमाने गेलात तर शिफ्टचे नॉब फिरवण्यात अर्धा तास जाईल आणि हाती काहीच लागणार नाही.

या लेन्सचं सर्वांत भारी काम दुकानाच्या काचेसमोर दिसतं, आणि समज-गैरसमजही तिथेच सर्वांत जास्त. रिकाम्या दुकानाची काच म्हणजे आरसाच: आत अंधार, बाहेर ट्यूब, आणि मधोमध ट्रायपॉडमागे उभी असलेली तुमची आकृती. सल्ला नेहमीचा असतो, ‘बाजूला उभे राहा आणि आडवं शिफ्ट करा’. ४ मीटरवरून १२ मिमी आडवं शिफ्ट म्हणजे फ्रेमचा मध्य २ मीटर सरकतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण कॅमेऱ्याचं प्रतिबिंब काचेत कायम कॅमेऱ्याच्या नाकासमोरच पडतं, आणि आडव्या फ्रेमची अर्धी रुंदी १८ मिमी आहे. म्हणजे पूर्ण १२ मिमी शिफ्ट करूनही तुम्ही फ्रेममध्येच राहता, कडेपासून साधारण एक षष्ठांश आत. दोन उपाय आहेत. कॅमेरा उभा धरा. मग अर्धी रुंदी १२ मिमी होते आणि प्रतिबिंब बरोबर कडेवर येऊन अर्धं कापलं जातं. उरलेलं अर्धं थोड्याशा क्रॉपमध्ये जातं. नाहीतर आडव्या फ्रेममध्येच अशी जागा निवडा की नाकासमोर काच नसून दोन दुकानांमधला खांब किंवा शटरची चौकट येईल. खांबात प्रतिबिंब पडत नाही. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण मॉलमध्ये दर पाच-सहा मीटरवर असा खांब मिळतोच. काळे कपडे घाला, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचं पांढरं अक्षरकाम झाका, आणि दहा सेकंदांचा टायमर लावून खांबाआड व्हा.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून काचेतली प्रतिबिंबं मारावीत असं वाटेल. फिल्टर बसतोही. लावू नका. समोरासमोरच्या काचेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, जाते ती फरशीवरची चमक, आणि फरशीत उलट्या दिसणाऱ्या ट्यूबच्या रांगा हाच या फोटोंचा अर्धा जीव आहे.

जाता जाता एक खास गोष्ट. डेड मॉलचे शौकीन जिला लेबलस्कार म्हणतात, ती म्हणजे दुकानाची पाटी उतरवल्यावर भिंतीवर राहिलेला अक्षरांचा ठसा. अक्षरांखालचा रंग उन्हा-धुळीपासून वाचलेला असतो आणि आजूबाजूला मळाची कड. हे ठसे चार-पाच मीटर उंचीवर असतात. खालून मान वर करून घेतलेल्या फोटोत अक्षरं वर निमुळती होतात आणि सॉफ्टवेअरने ओढून सरळ केली की वरच्या कडा पातळ, मऊ पडतात. ८ मीटरवरून कॅमेरा आडवा आणि शिफ्ट १० मिमी, की पाच मीटरवरचा ठसा जवळजवळ फ्रेमच्या मध्यात, समोरासमोर. बाजूने तिरका प्रकाश असेल तर पाटीच्या स्क्रूची भोकंही मोजता येतात.

आता टिल्टचं. पुस्तकी सल्ला असा की लेन्स थोडी खाली झुकवली की फरशी पायापासून क्षितिजापर्यंत तीक्ष्ण मिळते. गणित बरोबर आहे: कॅमेरा दीड मीटरवर असेल तर २४ मिमीला टिल्ट फक्त ०.९ अंश लागतो. पण मॉल म्हणजे माळरान नव्हे. डोक्यावर छत आहे, त्यात दिव्यांच्या रांगा आहेत, आणि फोकसचं प्रतल फरशीला चिकटलं की जवळचं छत मऊ पडतं. एफ/११ पर्यंत गेलं तरी कोपरे पूर्ण सावरत नाहीत. त्यापेक्षा टिल्ट शून्यावर आणून त्याचं लॉक लावून टाका. हे लॉक या आवृत्तीत मिळालंय हेच मोठं. एफ/८ ला ५ मीटरवर फोकस केलं तर ४५ मेगापिक्सेलच्या कडक कसोटीवरही साधारण अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं खणखणीत येतं. लेन्सवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठून कुठवर तीक्ष्ण येईल ते सांगणाऱ्या) खुणांवर मात्र विसंबू नका. त्या जुन्या, सैल मापाच्या आहेत. टिल्टचा एकच उपयोग इथे पटतो: कॅमेरा फरशीपासून फूटभर उंचीवर ठेवून मोझॅकचा नक्षीपट्टा टिपायचा असेल तेव्हा. तिथे साडेचार अंशांच्या आसपास सुरुवात करा.

जोडफोटोसाठी ही लेन्स लाडकी आहे. कॅमेरा उभा, शिफ्ट डावीकडे १२, शून्य, उजवीकडे १२, अशा तीन फ्रेम जोडल्या की ४८ बाय ३६ मिमीच्या सेन्सरइतकी फ्रेम मिळते, म्हणजे दृश्य साधारण १७ मिमी लेन्सएवढं आणि तपशील दुपटीच्या आसपास. कॅमेरा आडवा ठेवून तेच केलं तर ६० बाय २४ मिमीचा लांब पट्टा, फूड कोर्टसाठी झकास. अडचण जवळच्या वस्तूंची. लेन्स सरकली की तिची नजरही सरकते, त्यामुळे दीड मीटरवरची कुंडी तीन फ्रेममध्ये मागच्या भिंतीच्या तुलनेत वेगवेगळ्या जागी दिसते आणि जोडावर दुभंगते. उपाय सोपा: मिलिमीटरच्या खुणा असलेल्या रेलवर कॅमेरा बसवा आणि लेन्स उजवीकडे १२ गेली की कॅमेरा डावीकडे १२ सरकवा. मग लेन्स हवेत एका जागीच राहते. रेल नसेल तर फ्रेममध्ये ३ मीटरच्या आत काही येऊ देऊ नका.

एक्स्पोजर मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स ठराविक केल्विनवर, हे दोन्ही जोडफोटोत सक्तीचं. डीएसएलआर वापरत असाल तर मोजमाप शिफ्ट शून्य असतानाच घ्या. शिफ्टनंतर मीटर हमखास चुकतो. चालू मॉलसारखा उजेड असेल, समजा ३०० लक्स, तर आयएसओ १०० आणि एफ/८ ला अर्धा सेकंद लागतो. वीज तोडलेली आणि फक्त ढगाळ स्कायलाइट असेल तर आठ सेकंद, कधी त्याहून जास्त. स्कायलाइट फ्रेममध्ये असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फरकाने तीन फ्रेम घ्या, पण जोडताना हात आखडता ठेवा. सावल्या उपसून काढलेल्या एचडीआर फोटोत मॉल प्लास्टिकचा दिसतो. ढगाळ दिवस सर्वांत बरा, कारण स्कायलाइटमधून फरशीवर पडलेला उन्हाचा चट्टा एक्स्पोजर तर बिघडवतोच, वर फोटोला एक ठराविक वेळ चिकटवून देतो. या जागांना वेळच नसावी.

रंगाबद्दल मतभेद आहेत. जुन्या ट्यूब हिरवट, काही पिवळ्या पडलेल्या, स्कायलाइट निळसर. सगळं दुरुस्त करून पांढरंशुभ्र केलेला फोटो घर विकायच्या जाहिरातीसारखा दिसतो. ४००० ते ४३०० केल्विनवर ठेवून हिरवट झाक अर्धीच काढली तर बेज भिंती आणि ऐंशीच्या दशकातला तो फिकट जांभळा-निळा रंग आपापल्या जागी राहतो.

लेन्सची नावडती बाजूही बरीच आहे. पूर्ण शिफ्टला, विशेषतः एफ/३.५ ला, बाहेरची कड स्पष्ट काळवंडते. एफ/८ ते एफ/११ मध्ये ते बरंच निवळतं, पूर्ण जात नाही. सॉफ्टवेअरचं लेन्स प्रोफाइल इथे उपयोगाचं नाही, कारण शिफ्ट किती केलं होतं हे फोटोच्या माहितीत नोंदलंच जात नाही, आणि प्रोफाइल बिचारं शून्य गृहीत धरून उलटंच काहीतरी उजळतं. खरा उपाय म्हणजे प्रत्येक शिफ्ट स्थितीत लेन्ससमोर दुधाळ अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून एक कोरी फ्रेम घ्यायची आणि नंतर लाइटरूम क्लासिकमधल्या फ्लॅट-फील्ड करेक्शनला किंवा कॅप्चर वनमधल्या एलसीसीला (कोरी फ्रेम बघून काळवंड काढणाऱ्या सोयींना) ती द्यायची. तीन मिमी जाडीचा, हाताच्या पंजाएवढा तुकडा पुरतो. शिफ्टचे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन दिवसांनी कुठली कोरी फ्रेम कुणाची हे आठवत नाही.

दुसरं, नॉब. शिफ्ट एका बाजूच्या नॉबने करायचं आणि विरुद्ध बाजूच्या नॉबने आवळायचं. लांब एक्स्पोजरला आवळायचं राहिलं की लेन्स स्वतःच्या वजनाने केसभर खाली येते आणि सगळ्या आडव्या कडा दुहेरी उमटतात. छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही, घरी दिसतं. नॉब लहान आहेत आणि जाड हातमोज्यांत चालवणं जिकिरीचं. त्यात लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारं सील नाही. शिफ्ट केलं की सरकणाऱ्या पट्ट्यांमधली फट उघडी पडते, आणि बंद मॉलच्या हवेत जिप्समची बारीक भुकटी असतेच. जागा बदलताना शिफ्ट शून्यावर आणा, टोपण लावा, आणि गळक्या छताखाली लेन्सवर पिशवी टाका. दमट जागेतून एकदम बाहेरच्या वेगळ्या तापमानात आलात तर बॅग अर्धा तास बंदच ठेवा.

आणि वेळ. एका फ्रेमला सात-आठ मिनिटं सहज जातात. परवानगी घेऊन, मालकाच्या किंवा व्यवस्थापनाच्या माणसासोबत आत गेलात तर ठीक. चोरून घुसणाऱ्यांसाठी ही लेन्स नव्हेच, आणि चोरून घुसण्याचा सल्ला इथे मिळणारही नाही. परवानगी मागताना ट्रायपॉडचा उल्लेख आधीच करा, किती मजले आणि किती तास हवेत ते लिहून द्या. ‘फोटो काढायचेत’ एवढ्यावर कुणी दार उघडत नाही. अर्धवट चालू असलेल्या मॉलमध्ये ट्रायपॉड बहुधा चालत नाही. तिथे ही लेन्स हातातही चालवता येते: ५ मिमी शिफ्ट आधीच लावून आवळलेलं, एफ/५.६, १/५० सेकंद, आयएसओ १२५०, नजर इलेक्ट्रॉनिक लेव्हलवर. ५० हर्ट्‌झच्या विजेवर १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्‌झवर १/६० किंवा १/१२० ठेवलं तर ट्यूबच्या लुकलुकीचे पट्टे येत नाहीत.

आत गेल्यावर लेन्सपेक्षा पायाकडे लक्ष जास्त हवं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींत विनाइल फरशीत आणि पाइपांच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तुटलेल्या फरशीवर ट्रायपॉड ओढू नका आणि कापडी मास्कवर भागवू नका, पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा घ्या. थांबलेल्या एस्कलेटरची तळाची झाकणं चोरीला गेलेली असतात, आणि त्याखाली माणूस मावेल एवढा खड्डा असतो. स्कायलाइटच्या बरोबर खाली ट्रायपॉड लावून आठ सेकंदांचं एक्स्पोजर देणं फोटोला छान, डोक्याला नाही. वीज तोडली असं सांगितलेल्या इमारतीतही ओल्या भिंतीवरच्या पॅनेलला हात लावू नये.

घाई मात्र वेगळ्या कारणाने असते. ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा रोलिंग एकर्स मॉल १९७५ मध्ये उघडला, २००८ मध्ये बंद झाला आणि पुढची काही वर्षं फोटोग्राफरांचं तीर्थक्षेत्र होऊन बसला होता. आज तिथे अ‍ॅमेझॉनचं गोदाम आहे. त्याच राज्यातल्या रँडल पार्क मॉलच्या जागीही तेच. बँकॉकच्या न्यू वर्ल्ड मॉलमध्ये छत गेल्यावर पावसाचं पाणी साचून खाली तळं झालं होतं आणि त्यात हजारो मासे पोहत होते. २०१५ मध्ये मासे काढून नेले. जागा पुढच्या वर्षी असेलच असं नाही, त्यामुळे योग्य लेन्स येईपर्यंत थांबणं हा शहाणपणा नव्हे. आहे त्या लेन्सने जा.

त्याच ओघात पर्यायांचं. सगळ्यात स्वस्त पर्याय बहुतेकांच्या बॅगेत आधीच असतो. १६ मिमीची वाइड लेन्स, कॅमेरा पूर्ण समपातळीत, आणि नंतर खालची फरशी क्रॉप करून २४ मिमीएवढी फ्रेम ठेवायची. हे म्हणजे २४ मिमीला ६ मिमी शिफ्ट दिल्यासारखंच, दृष्टिकोनात तसूभर फरक नाही. ४५ मेगापिक्सेलमधून २० उरतात. १४ मिमीने केलं तर साडेआठ मिमी शिफ्टएवढं काम होतं आणि १५ मेगापिक्सेल हातात राहतात. फक्त स्क्रीनवर दाखवायचे फोटो असतील तर एवढ्यात भागतं, टिल्ट-शिफ्टचा विचारही करू नका. कॅमेरा वर करून नंतर सॉफ्टवेअरने उभ्या रेषा ओढणं ही मात्र दुधाची तहान ताकावर. दहा अंशांपर्यंत ठीक. पण पूर्ण १२ मिमी शिफ्टची बरोबरी करायला कॅमेरा साडेसव्वीस अंश वर करावा लागतो, आणि तेवढं ओढल्यावर फ्रेमच्या वरच्या भागात नुसतं ताणलेलं पीठ उरतं.

सॅमयांगच्या २४ मिमी टिल्ट-शिफ्टला शिफ्ट आणि टिल्ट दोन्ही कॅननएवढंच आहे, अ‍ॅपर्चर हाताने. कडांची तीक्ष्णता आणि नॉबचा घट्टपणा यांत ती कमी पडते. लाओवाची १५ मिमी एफ/४.५ झिरो-डी शिफ्ट जास्त विचार करण्याजोगी: ११ मिमी शिफ्ट, टिल्टची भानगडच नाही, वजन ६०० ग्रॅमच्या आत. अरुंद मॉलमध्ये, जिथे मागे सरकायला दहा मीटर नसतात, तिथे ती कॅननपेक्षा उजवी ठरते. पण १५ मिमीवर कडेच्या कुंड्या आणि बाक बाहेरच्या बाजूला ताणले जातात, आणि जागा आहे त्यापेक्षा भव्य दिसू लागते. लिमिनल फोटोला भव्यता मारक आहे. कॅननची १७ मिमीही याच दुखण्याची, वर तिचं पुढचं भिंग फुगलेलं असल्याने टोपण काढताना जीव मुठीत.

आता उलट बाजूचा युक्तिवाद, जो टाळून चालणार नाही. या सगळ्या प्रकाराला ज्याने वेड लावलं, तो २०१९ मध्ये बॅकरूम्स नावाने पसरलेला पिवळ्या खोलीचा फोटो, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश इथे एका जुन्या फर्निचर दुकानाच्या नूतनीकरणावेळी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला होता, हे २०२४ मध्ये उलगडलं. क्षितिज तिरकं, तपशील यथातथाच. कुणी कलाकृती म्हणून तो काढलाच नव्हता, आणि त्याची ताकद नेमकी त्यातच आहे. तुम्हाला तोच परिणाम हवा असेल, म्हणजे कुठल्यातरी विसरलेल्या फोल्डरमध्ये सापडल्यासारखा फोटो, तर ही लेन्स चुकीची. पाच मेगापिक्सेलचा जुना कॉम्पॅक्ट आणि त्याचा फ्लॅश घ्या. टीएस-ईचा फोटो कधीच चुकून निघाल्यासारखा दिसत नाही. तो एखाद्या आर्किटेक्टने काम पूर्ण झाल्याच्या दिवशी काढून घेतल्यासारखा दिसतो, फक्त ते काम चाळीस वर्षांपूर्वीचं असतं.

सेकंडहँड घेत असाल तर आधी आवृत्ती नीट बघा: १९९१ च्या पहिल्या आवृत्तीचा फिल्टर व्यास ७२ मिमी आणि शिफ्ट ११ मिमी आहे, आणि जाहिरातीत दोन्हींची सर्रास गल्लत होते. मग एका सपाट विटांच्या भिंतीसमोर, टिल्ट लॉक करून, एफ/३.५ ला फोटो काढा; डावी आणि उजवी कड सारखी तीक्ष्ण नसेल तर शून्याची खूण खरी शून्य नाही. शिफ्ट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पूर्ण टोकाला नेऊन प्रत्येक ठिकाणी एफ/११ ला एक फोटो काढा, कारण आतली केबल दुखावलेली असेल तर एरर नेमकी टोकालाच येते. शेवटी लॉक आवळून कॅमेरा उभा धरा आणि लेन्सच्या पुढच्या कडेला बोटाने हलका दाब द्या. पट्टीवरचा आकडा हलला तर सर्व्हिसचा खर्च भावातून कापून घ्या, नाहीतर ती तिथेच सोडा.